बेखमीर भाकरीचा गहू

अलिबाग-रेवदंडा भागातल्या बेने इस्रायली घरांपुढे वल्हांडणाचा पेच चमत्कारिक होता. सणाला बेखमीर भाकर हवी आणि कोकणात पिकतो भात. तांदळाच्या भाकरीत खमीर नसतेच, मग अडचण कसली? धर्मशास्त्राचा निकष मात्र वेगळा आहे. जे धान्य आंबू शकते, त्याचीच मात्झा, म्हणजे सणाची बेखमीर भाकर, होते. गहू, जव, स्पेल्ट, राय आणि ओट ही ती पाच धान्ये. भिजलेला तांदूळ आंबत नाही, नासतो, असा तालमुदाचा निवाडा आहे. म्हणून कोकणच्या ज्यूंना गहू घाटावरून किंवा मुंबईच्या बाजारातून आणणे भागच होते.

जुन्या बेने इस्रायली घरांत आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्याच्या रिवाजावरून वल्हांडणाला एक वेगळे नाव पडले होते, अशी नोंद हाईम सॅम्युएल केहिमकरांच्या इतिहासग्रंथात आहे. वल्हांडणाची पोथी, म्हणजे हग्गादा, 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. 1874 च्या पुणे आवृत्तीतल्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्झा करताना दिसतात.

कणकेला पाणी लागल्यापासून 18 मिनिटांत मात्झा भट्टीत गेली पाहिजे, हे पुष्कळांना माहीत असते. पण गव्हाची राखण त्याच्या फार आधी सुरू होते. पीक पूर्ण वाळले, मुळांतून ओलावा घेणे थांबले आणि वर पाऊस पडला, तर दाणा उभ्या पिकातच बिघडू शकतो. म्हणून काटेकोर मंडळी काडीत थोडी हिरवी झाक असतानाच कापणी करतात आणि तिथूनच गव्हावर पहारा ठेवतात. योसेफ कारो यांचा सोळाव्या शतकातला धर्मसंहिताग्रंथ व्यवहारी आहे : राखण कापणीपासून असावी; ते न जमल्यास दळणापासून; अगदीच अडचण असेल तर बाजारचे पीठही चालते. अमेरिकेतले काही हसिदी गट यासाठी ॲरिझोनाच्या वाळवंटात, युमा इथे गहू पिकवून घेतात, कारण तिथे पाऊस नावालाच पडतो.

मोड आलेला दाणा त्याच्या टोकाकडून ओळखता येतो. प्रयोगशाळेत पिठाची तापलेली पेज करून तिच्यातून दांडी किती सेकंदांत खाली जाते ते मोजतात. मोडाच्या विकरांनी स्टार्च तुटतो, पेज पातळ होते आणि दांडी झटकन बुडते. दळणातही खबरदारी लागते. मोठ्या रोलर गिरण्या दळण्याआधी गव्हाला पाणी देतात, ते इथे वर्ज्य. धुऊन वाळवलेला गहूही चालत नाही. कोरडा गहू दळणारे जाते किंवा गल्लीतली पिठाची गिरणी या कामाला सोयीची, फक्त ती आधी नीट साफ केलेली हवी.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या 16 तारखेआधी नवे धान्य खाऊ नये, असा नियम आहे आणि सेदरचे, म्हणजे वल्हांडणाच्या पहिल्या रात्रीचे, जेवण 15 च्या रात्री असते. इस्रायलमध्ये गहू वल्हांडणानंतर कापला जातो, तेव्हा सणाला आपोआप जुनाच गहू असतो. महाराष्ट्रातला रब्बीचा गहू मात्र बहुधा सणाआधीच घरात येतो. इस्रायलबाहेर हा नियम किती कडक पाळावा यावर मतभेद आहेत. पण पाळायचाच म्हटला, तर गेल्या वर्षीचा गहू लागतो.

उत्तरेत, वाराणसीकडे, कापणीचे हे चित्र थोडे वेगळे दिसते. भात निघाल्यावर उशिरा पेरलेला गहू तिथे एप्रिलच्या कोरड्या उन्हात पिकतो. बनारस हिंदू विद्यापीठाचे ‘मालवीय 234’ हे वाण अशाच उशिराच्या पेरणीसाठी गाजले. सण मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभी आला, तर तिथली कापणी बहुधा त्यानंतरच होते. पण तो गहू मात्झेला वापरायचा तर पुढच्या वल्हांडणापर्यंत थांबावेच लागते.

म्हणजे दोन्हीकडे कापणी कोरड्या हवेत होते; खरी कसोटी त्यानंतरच्या पावसाळ्यात लागते. वर्षाचा गहू कडक उन्हात वाळवून कोठीत घट्ट बंद करणाऱ्या मराठी घरांना ही विद्या नवी नाही. मात्झेसाठी गहू घेणाऱ्याने वाणाचे नाव विचारण्याआधी तो कधी कापला, कसा वाळवला आणि पावसाळ्यात कुठे ठेवला, हे विचारावे.