हौशी कबड्डीतील दुखापती

हौशी कबड्डीतील दुखापती म्हणजे शाळा, महाविद्यालय, मंडळ किंवा गावच्या स्पर्धेत, नियमित प्रशिक्षक व वैद्यकीय पथक यांच्या आधाराशिवाय कबड्डी खेळणाऱ्यांना होणाऱ्या शारीरिक इजा होत. गुडघा, घोटा, खांदा आणि हाताची बोटे या अवयवांना त्या अधिक प्रमाणात होतात. डोके, मान, छाती व पोट यांच्या इजा तुलनेने विरळ असल्या, तरी त्या जिवावर बेतू शकतात. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील मातीवरच्या कबड्डीचा विचार केला असून, अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूर व त्या भोवतालच्या डोंगराळ भागातील परिस्थिती उदाहरणादाखल घेतली आहे.

खेळाचे स्वरूप

महाराष्ट्रात पूर्वी हुतूतू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळाचे प्रात्यक्षिक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी दाखवले. १९९० मध्ये बीजिंग येथील आशियाई क्रीडा स्पर्धांत त्याचा समावेश झाला आणि २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यावर तो घरोघरी दूरचित्रवाणीवर दिसू लागला. दूरचित्रवाणीवर पाहिलेली पकड दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणावर करून पाहिली जाते, ही गोष्ट शिक्षकांना चांगलीच ठाऊक आहे. ती पकड करणाऱ्याच्या मागे कित्येक वर्षांचा सराव असतो, हे मात्र पडद्यावर दिसत नाही.

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. एवढ्याशा जागेत एक चढाईपटू सात बचावपटूंसमोर उभा राहतो आणि त्याला ३० सेकंदांत काम उरकून मध्यरेषा गाठायची असते. बास्केटबॉलमध्ये अंगाशी अंग भिडणे हा दोष मानला जातो, तर कबड्डीत तेच खेळाचे मर्म आहे. बास्केटबॉलमध्ये उडी मारून खाली येताना पाय दुसऱ्याच्या पावलावर पडतो आणि घोटा मुरगळतो; तेथील सर्वांत नेहमीची दुखापत हीच. कबड्डीतही घोटा मुरगळतो, परंतु गुडघ्यावरील संकट अधिक गंभीर असते, कारण येथे पाय कोणीतरी धरून ठेवलेला असतो आणि उरलेले शरीर मध्यरेषेकडे झेपावत असते.

गुडघ्याची दुखापत

मांडीचे हाड व नडगी यांना जोडणारे चार प्रमुख अस्थिबंध गुडघ्यात असतात. त्यांपैकी सांध्याच्या आत तिरपा असलेला पुढचा बंध नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गिरकी घेताना गुडघा स्थिर ठेवतो. डॉक्टर त्याला ‘एसीएल’ म्हणतात आणि आता खेळाडूंच्या तोंडीही तेच नाव रुळले आहे. पाऊल जमिनीत रोवलेले असताना गुडघा आत वळला व धड फिरले, की हा बंध तुटू शकतो. बाहेरच्या बाजूने कोणी अंगावर कोसळल्यास त्याच्यासोबत आतल्या बाजूचा बंधही फाटतो. धक्का लागलाच पाहिजे असेही नाही. चढाईपटू एकटाच वेगात वळताना हा बंध तुटल्याची उदाहरणे पुष्कळ असतात.

तुटण्याच्या क्षणी अनेकांना ‘टक्’ असा आवाज जाणवतो. काही तासांतच रक्त साचून गुडघा सुजतो. खरी फसगत पुढे होते. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, चालता येते, शेतातली कामेही करता येतात. त्यामुळे खेळाडू व त्याच्या घरचे ‘बरे झाले’ असे समजतात. पूर्ण तुटलेला हा बंध सहसा आपोआप पूर्ववत जुळत नाही. पुढच्या हंगामात वळताना गुडघा ‘सटकतो’. असा सटकलेला गुडघा दर वेळी आतील कूर्चेची गादी थोडी थोडी फाडतो आणि तरुणपणीच सांध्याची झीज सुरू होते. म्हणून आवाज, तत्काळ सूज आणि नंतरचे सटकणे या तीन खुणांपैकी एकही दिसली, तरी अस्थिरोगतज्ज्ञाकडून तपासणी आवश्यक ठरते. साध्या क्ष-किरण चित्रात हाडे दिसतात, बंध दिसत नाही. ‘फोटोत काही निघाले नाही’ या वाक्यावर निर्धास्त होणे चुकीचे आहे.

गिरकीच्या खेळांत मुलींमध्ये हा बंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक आढळते. त्यामागे शरीररचना, स्नायूंचे बळ व उडीनंतर खाली येण्याची पद्धत अशी कारणे सांगितली जातात. शेवटचे कारण शिकवण्याने बदलता येते.

इतर दुखापती

घोटा बहुधा आत मुरगळतो आणि बाहेरच्या बाजूचे बंध ताणले जातात. खांदा निखळणे, हासळीचे हाड मोडणे, बोटांचे सांधे सरकणे या इजा पकड करणाऱ्यांना अधिक होतात. मांडीच्या मागचे व जांघेतील स्नायू लांब पाय टाकून बोनस घेताना किंवा पायाने गडी मारताना ताणले जातात. उघड्या मातीवर खरचटणे इतके नित्याचे असते, की ती दुखापत समजलीच जात नाही. मात्र मातीने माखलेल्या जखमेतून धनुर्वाताचा धोका असल्याने जखम धुणे व लसीकरणाची खात्री करणे गरजेचे असते.

डुबकी मारताना चढाईपटूचे डोके खाली असते आणि साखळीतील गडी त्याच्या मानेवर कोसळू शकतात. मानेच्या मणक्याची इजा येथे संभवते. पकडीच्या ढिगाऱ्यात गुडघा पोटात बसल्यास प्लीहा किंवा यकृत फाटू शकते आणि त्याची लक्षणे काही तासांनी प्रकटतात. छातीवरचा आघात विशिष्ट क्षणी बसला, तर निरोगी तरुणाचेही हृदय एकाएकी थांबू शकते. हा प्रकार फार विरळ आहे, परंतु त्या वेळी हाताशी मिनिटेच असतात.

जोखमीचे घटक

पूर्वीची अर्धवट बरी झालेली दुखापत हा सर्वांत बळकट घटक होय. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो, कारण बंध सैल राहतो आणि तोल सावरण्याची सांध्याची जाणही मंदावते.

दुसरा घटक सरावातील खंडाचा. राजूर परिसर सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, भंडारदऱ्याच्या वाटेवर आहे. पावसाळ्यात येथे मैदान खेळण्याजोगे राहत नाही आणि तरुण मुले भाताच्या आवणीत गुंतलेली असतात. दिवाळीनंतर यात्रा-जत्रा व शिवजयंतीच्या निमित्ताने स्पर्धा भरू लागतात. शेतीकामाने अंग काटक होते हे खरे, परंतु चिखलात वाकून केलेले काम आणि वेगात वळण्या-थांबण्याचा सराव या भिन्न गोष्टी आहेत. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेले जुने गडी गावच्या संघासाठी एका रात्रीपुरते उतरतात, त्यांची स्थिती याहून बिकट असते.

सामने पुष्कळदा रात्री, दिव्यांच्या उजेडात होतात. डोंगराकडच्या थंडीत संघ दोन-दोन तास बसून राहतो, नाव पुकारले की गार अंगाने मैदानात उतरतो आणि जिंकत गेल्यास एकाच रात्रीत तीन-चार सामने खेळतो. थकलेला स्नायू सांध्याचे रक्षण नीट करू शकत नाही. म्हणून शेवटच्या सामन्यांत सावधगिरी अधिक हवी.

वजनगटाच्या स्पर्धांत, विशेषतः ५५ किंवा ६५ किलोसारख्या मर्यादेत बसण्यासाठी, उपाशी राहणे व पाणी तोडणे हा घातक प्रकार चालतो. अशा शरीरात पाणी व क्षार कमी झालेले असतात. पेटके, चक्कर व मंदावलेली प्रतिक्रिया हे त्याचे परिणाम. याउलट वजनाची मर्यादाच नसलेल्या स्पर्धेत पंधरा वर्षांचा मुलगा नव्वद किलोच्या गड्याखाली सापडू शकतो. दोन्हींपैकी कोणती व्यवस्था अधिक वाईट, हे ठरवणे कठीण आहे.

मैदानाविषयी मतभेद आहेत. मातीत खडे, खळगे व मुरमाची धार असते. मॅटवर खरचटणे कमी होते. परंतु मॅटवर बूट घट्ट चिकटतो, मातीवरच्या अनवाणी पायासारखा सरकत नाही, आणि न सरकलेल्या पायाचा पीळ गुडघ्यावर येतो. वर्षभर मातीवर अनवाणी खेळून एकदम जिल्हा स्पर्धेत मॅटवर बूट घालून उतरणाऱ्या ग्रामीण संघांनी हा फरक आधी अंगवळणी पाडला पाहिजे.

मैदानावरील उपचार

दुखापतीनंतरच्या पहिल्या तासात काय केले जाते, यावर पुष्कळ अवलंबून असते. सुजलेल्या सांध्यावर लगेच गरम तेलाची मालिश केल्यास आतील रक्तस्राव वाढतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी १५ ते २० मिनिटे, लवचीक पट्टी, विश्रांती व पाय उंचावर ठेवणे हा प्राथमिक उपाय होय. निखळलेला खांदा मैदानातच ओढून बसवण्याचा प्रयत्न केल्यास नस किंवा हाड दुखावू शकते. हात झोळीत बांधून दवाखान्यात न्यावे.

मानेला मार लागलेला खेळाडू हात-पाय हलवत नसेल किंवा मुंग्या आल्याचे सांगत असेल, तर त्याला बसवू नये, पाणी पाजू नये, चार जणांनी उचलून बाहेर नेऊ नये. डोके व मान आहे त्या स्थितीत स्थिर धरून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. सामना थांबतो म्हणून प्रेक्षक ओरडतात. पंचाने तिकडे लक्ष देऊ नये. श्वास बंद पडल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. मोठ्या तपासण्यांसाठी राजूरकडच्या रुग्णाला संगमनेर, लोणी किंवा नाशिक गाठावे लागते. त्यामुळे वाहन कोणते व चालक कोण, हे संयोजकांनी नाणेफेकीपूर्वीच ठरवलेले असावे.

प्रतिबंध

खेळाचे नियम हीच पहिली तटबंदी आहे. गळा आवळणे, तोंड दाबून दम तोडणे, पायांची कैची घालणे यांना नियमाने मनाई आहे. नखे कापलेली असावीत, अंगावर दागिने व तेल नसावे, हेही नियमच आहेत. गावच्या स्पर्धेत कडे, गंडा व अंगठी घालून खेळणारे सर्रास दिसतात.

फुटबॉलसाठी तयार केलेला ‘फिफा ११ प्लस’ हा सुमारे २० मिनिटांचा व्यायामक्रम नियमित केल्यास दुखापती लक्षणीय प्रमाणात घटतात, असे आढळले आहे. धावणे, एका पायावर तोल, गुडघा आत न वळवता उडीवरून उतरणे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे बळ एवढाच त्याचा गाभा असून त्याला कोणतेही साधन लागत नाही. मात्र तो आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने करावा लागतो. सामन्याच्या सकाळी एकदा केल्याने तो फळ देत नाही.

मैदानात परतणे

डोक्याला हादरा बसून गोंधळलेल्या खेळाडूने त्या दिवशी पुन्हा खेळू नये, मग तो कितीही आग्रह करो. मुरगळलेल्या घोट्याच्या बाबतीत, त्याच एका पायावर न दुखता लंगडी घालता येणे ही घरच्या घरी करता येण्याजोगी साधी चाचणी आहे. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे नऊ महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरू नये, असा सल्ला दिला जातो; त्यानंतरही दोन्ही मांड्यांचे बळ जवळपास सारखे झाल्याची खात्री फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावी लागते.