साडेसदुसष्ट टीएमसीची वीज

कोयनेचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मे रोजी संपतं. त्या बारा महिन्यांत कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून पश्चिमेकडे, म्हणजे सह्याद्री ओलांडून कोकणात किती पाणी सोडायचं, ते कृष्णा पाणीतंटा लवादानं ठरवून दिलं आहे. बच्छावत लवाद म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्यानं सत्तरच्या दशकात हा आकडा लिहून ठेवला: ६७.५ टीएमसी. पाऊस धो धो पडो, धरण काठोकाठ भरो, नेहमीच्या वर्षी हिशेब याच आकड्याशी येऊन थांबतो. कोयनेच्या वीजनिर्मितीबद्दल काहीही समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात टर्बाइनपासून करू नये, इथून करावी.

महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना नदी सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे साठेक किलोमीटर वाहते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. त्या वळणापासून घाटाचा कडा अगदी जवळ आहे. कराडहून चिपळूणला निघालेली एसटी कुंभार्ली घाट उतरू लागली की कानांना दडे बसतात, तेच या प्रकल्पाचं रहस्य. देशावरचं पाणी डोंगर पोखरून कोकणात टाकलं, तर त्याला सुमारे पावणेपाचशे मीटरची उडी मिळते. हीच युक्ती टाटांनी खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथे १९१५ ते १९२७ या काळात वापरली होती. कोयनेचीही पाहणी त्यांनी केली होती. पण ते काम स्वातंत्र्यानंतर सरकारनं हाती घेतलं. १९५४ मध्ये सुरुवात झाली आणि १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून पहिली वीज बाहेर पडली.

नवजा इथे जलाशयाच्या कडेला पाणी भुयारात शिरतं. जवळपास पावणेचार किलोमीटर ते डोंगराच्या पोटातून जातं आणि मग तिरप्या पोलादी नळांतून खाली झेपावतं. पहिल्या दोन टप्प्यांची यंत्रं पेल्टन जातीची. चाकाच्या कडेला पळ्यांसारख्या वाट्या, त्यांवर पाण्याची धार आदळते आणि चाक फिरतं. अशी आठ यंत्रं एकाच गुहेत. पाणी पुढे कोळकेवाडीच्या धरणात साठतं, तिथून आणखी सुमारे एकशे दहा मीटर उतरताना तिसऱ्या टप्प्याची ३२० मेगावॅटची यंत्रं चालवतं, आणि अवजल होऊन वाशिष्ठीतून चिपळूणमार्गे अरबी समुद्राला मिळतं.

आता थोडं गणित. एक घनमीटर पाणी पावणेपाचशे मीटर खाली पडलं की यंत्रांचा तोटा वजा जाता साधारण १.१५ युनिट वीज मिळते. तिसऱ्या टप्प्यात आणखी पाव युनिट. साडेसदुसष्ट टीएमसी म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर. गुणाकार केला की वर्षाला जेमतेम २७० कोटी युनिट होतात. उलट पुढे जोडलेल्या चौथ्या टप्प्यासह चारही टप्प्यांची १,९२० मेगावॅटची यंत्रं वर्षभर अखंड चालवली, तर जवळपास १,६८० कोटी युनिट निघाले असते. म्हणजे ही यंत्रं सरासरी दिवसाचे चार तास पुरेल एवढ्याच पाण्याची धनी आहेत. बाकीचे वीस तास ती उभी.

हा आकडा ऐकून कोणीही विचारेल की मग एवढी यंत्रं बसवलीच कशाला? पहिल्या दोन टप्प्यांच्या ६०० मेगावॅटनं तेच पाणी दिवसाला दहा तास चालवून तेवढीच वीज काढली असती. त्यात तिसरा टप्पा सत्तरच्या दशकात आला तेव्हा त्यानं निदान वाया जाणाऱ्या उंचीचा उपयोग केला. चौथ्यानं तेही केलं नाही. त्यानं पाणी वाढवलं नाही, उंची वाढवली नाही, २५० मेगावॅटची चार यंत्रं डोंगरात नेऊन ठेवली, बस्स.

पण विजेला वेळेची किंमत असते. संध्याकाळी घरोघर दिवे, पंखे, मिक्सर, टीव्ही एकदम चालू होतात, तेव्हा कोळशाचं केंद्र हुकमासरशी वाढत नाही. थंड पडलेला बॉयलर तापवायलाच कित्येक तास लागतात. पाण्याचं यंत्र काही मिनिटांत पूर्ण भार उचलतं. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून निरोप गेला की पोफळीला झडपा उघडतात. पहाटे घराघरांत गिझर लागतात तेव्हा परत तेच. चौथा टप्पा खरं तर वीज वाढवण्यासाठी नव्हताच, तीच वीज हव्या त्या तासात गोळा करण्यासाठी होता. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशानं नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटनी खाली आली आणि परत चढली. तो हिसका देशभरातल्या जलविद्युत केंद्रांनीच प्रामुख्यानं झेलला. अशा यंत्रांचं मोल युनिटमध्ये मोजलं तर चूक होते.

चौथ्या टप्प्यासाठी पाणी घ्यायचं कसं, हा मात्र मोठा पेच होता. भरलेला जलाशय रिकामा करून तोंड बांधायचं म्हटलं तर तेवढा काळ पूर्वेकडचं सिंचन आणि पश्चिमेकडची वीज दोन्ही थांबणार. त्यावर नॉर्वेत रुळलेली पद्धत वापरली गेली, लेक टॅपिंग. भुयार खालून, कोरड्यातून खणत नेतात आणि तळ्याच्या तळाशी काही मीटर जाडीचा खडकाचा बूच शिल्लक ठेवतात. त्याच्या खाली दगडधोंडे झेलायला खड्डा. भुयारातली दारं बंद करायची, बुचाला सुरुंग लावायचे आणि उडवायचं. तळ्याला तळातून भोक पडतं, पाणी आत धावतं, दारं ते अडवतात. १३ मार्च १९९९ रोजी शिवसागरात हे घडलं, आशियातलं अशा प्रकारचं पहिलंच मानलं गेलेलं काम. २५ एप्रिल २०१२ रोजी पुन्हा एकदा, आणखी खालच्या पातळीवर. दुसऱ्या वेळचा हेतू साधा होता: उन्हाळ्यात जलाशय खाली गेला की तळाचं जे पाणी आधीच्या तोंडाला पोचत नव्हतं, ते वापरता यावं.

सुधारणा म्हणजे असंच काही डोळे दिपवणारं, असा समज होतो. रोजची सुधारणा कंटाळवाणी असते. जनित्राच्या वेटोळ्यांवरचं जुनं जाड आवरण काढून नवं पातळ, जास्त उष्णता सोसणारं आवरण आलं की त्याच खाचेत जास्त तांबं मावतं आणि तेच यंत्र थोडी जास्त वीज देतं. पेल्टनच्या वाट्या पाण्याबरोबरच्या वाळूनं झिजतात, त्या घासूनपुसून भरून घ्याव्या लागतात. वेग सांभाळणारी जुनी यांत्रिक नियंत्रणं जाऊन डिजिटल येतात. आज पहिल्या टप्प्याचं प्रत्येक यंत्र ७० मेगावॅटचं आणि दुसऱ्याचं ८० मेगावॅटचं मोजलं जातं. बसवली तेव्हा ती याहून लहान होती. एका खोलीत राहून भिंती न पाडता जागा वाढवावी, तसला हा प्रकार. फोटो काढण्यासारखं त्यात काही नसतं.

धरणाला स्वतःलाही बदलावं लागलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे साडेसहा रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसं दगावली, धरणाच्या वरच्या भागाला तडे गेले, मुंबईची वीज गेली. पुढे धरणाच्या पाठीला काँक्रीटचे आधार देऊन ते पक्कं केलं, आणि सांडव्याचा भाग या शतकात बळकट झाला.

पाण्याचा वाद मात्र काँक्रीटनं मिटत नाही. अवर्षणाच्या वर्षी टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांवरचे सांगली-साताऱ्याचे शेतकरी धरणाच्या पूर्वेकडे पाणी मागतात, आणि ते मागणं रास्त आहे. तेव्हा पश्चिमेचा वाटा कापला जातो. पूर्वेकडे पाणी सोडताना पायथा वीजगृहाच्या दोन यंत्रांतून २,१०० क्युसेक जातं आणि ४० मेगावॅटपर्यंत वीज मिळते. माझ्या हिशेबानं त्याच घनमीटरची कोकणात उतरून जवळपास आठपट वीज होते. शेतीला पाणी देऊ नये असं यातून निघत नाही, पण प्रत्येक आवर्तनाची किंमत विजेत किती ते जाहीर लिहिलं जावं.

खालच्या बाजूचाही एक प्रश्न आहे. पहिले दोन टप्पे आणि चौथा एकदम पूर्ण ताकदीनं चालले, तर कोळकेवाडीत तासाला सुमारे १४ लाख घनमीटर पाणी येतं. तिसरा टप्पा तेवढं पुरतं बाहेर काढू शकत नाही, आणि काढतो ते चिपळूणच्या दिशेनं जातं. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर या पाण्याचा वाटा किती, यावर चिपळूणकर बरेच भांडले. पुराच्या दिवसांत निर्मितीचं वेळापत्रक भरती-ओहोटी पाहून आखावं, आणि ते गावकऱ्यांनाही आधी कळावं.

आता सौरऊर्जेमुळे दुपारी वीज उतू जाऊ लागली आहे आणि संध्याकाळी चणचण आहे. घाटघरला २५० मेगावॅटचं उदंचन केंद्र २००८ पासून चालू आहे. स्वस्त विजेनं पाणी वर चढवायचं आणि महागाईच्या तासाला खाली सोडायचं. कोयनेची पुढची सुधारणा याच दिशेची असावी. आलेलं पाणी परत वर नेलं, तर साडेसदुसष्ट टीएमसीच्या मर्यादेतच तेच पाणी अनेकदा कामाला येईल. वर शिवसागर आहे, खाली कोळकेवाडी आहे. अर्थात कोळकेवाडी लहान आहे, म्हणून फार मोठं यंत्र तिथे शोभणार नाही.

आणि अशा उदंचन प्रकल्पाची निविदा काढण्याआधी एक जुनी फाइल उघडावी. शिवसागराखाली आणि त्याच्या काठावर गेलेल्या शंभरावर गावांमधली माणसं सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशी पांगली. त्यांतल्या अनेकांच्या जमिनीच्या आणि गावठाणाच्या मागण्या साठ वर्षांनंतरही पूर्ण झालेल्या नाहीत, आणि त्यासाठी त्यांना अजून कोयनानगरात येऊन आंदोलन करावं लागतं.