एक किल्ली, चाळीस कुलपे

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला, पण त्यामुळे अंतरे काही कमी झाली नाहीत. गडचिरोली शहरापासून सिरोंचा रस्त्याने सुमारे २०० किलोमीटर. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की वाटच बंद. अशा गावातल्या शाळेचा संगणक अडला, तर तो पाहायला माणूस जाणार कधी आणि परतणार कधी? म्हणून बसल्या जागेवरून दूरचा संगणक चालवण्याची सोय, म्हणजे रिमोट डेस्कटॉप, इथे मोठ्या कामाची ठरते. तिकडच्या पडद्याचे चित्र इकडे येते, आपण दाबलेल्या कळा आणि माऊसची हालचाल तिकडे जाते. काम सगळे तिकडच्याच संगणकावर होते. (अर्थात मोबाइलचा टॉवर चालू असेल तरच!)

समजा, एका जाणकार शिक्षकाकडे असे चाळीस संगणक सांभाळायला आहेत. प्रत्येक वेळी जोडणी करताना नाव आणि पासवर्ड विचारला जातो. कंटाळून तो ‘लक्षात ठेव’ या चौकोनावर खूण करतो. हा पासवर्ड जातो कुठे?

विंडोजमध्ये त्यासाठी क्रेडेन्शियल मॅनेजर नावाचा कप्पा असतो. त्यातला मजकूर कूटबद्ध असतो आणि तो उलगडण्याची किल्ली वापरणाऱ्याच्या स्वतःच्या लॉगिन पासवर्डवरून तयार होते. म्हणजे कप्पा त्या माणसाच्या त्या खात्याशी बांधलेला. हे वर्गात करून पाहता येते. एखाद्या दूरच्या संगणकाची जोडणी फाइल म्हणून साठवा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. संगणकाचा पत्ता दिसेल, पडद्याचा आकार दिसेल, पासवर्ड मात्र दिसणार नाही. आता तीच फाइल पेनड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर नेऊन चालवा. तो पासवर्ड मागेल. पत्ता सोबत आला, किल्ली मागेच राहिली.

चांगली सोय आहे. पण चाळीस संगणकांसाठी चाळीस वेळा टंकन कोण करणार? विंडोजमध्ये सीएमडीकी नावाची एक आज्ञा आहे. तिला संगणकाचे नाव, वापरणाऱ्याचे नाव आणि पासवर्ड दिला की ती नोंद कप्प्यात टाकते. नोंदीच्या नावापुढे टीईआरएमएसआरव्ही अशी अक्षरे लावली की रिमोट डेस्कटॉप ती आपली म्हणून ओळखतो. संगणकांच्या नावांची यादी करून ही आज्ञा एका छोट्या बॅच फाइलमध्ये फिरवली, की चाळीस नोंदी पाहता पाहता तयार. तीच फाइल सहकाऱ्याला दिली की त्याचेही काम झाले.

इथे थोडे थांबून पाहू. कप्प्यातला पासवर्ड कूटबद्ध आहे. पण ज्या फाइलने तो तिथे टाकला, तिच्यात तो उघड्या अक्षरांत लिहिलेला आहे. तिजोरीला भक्कम कुलूप लावायचे आणि किल्लीचा साचा दाराशी टांगून ठेवायचा, असा हा प्रकार. शिवाय आज्ञा सोपी राहावी म्हणून चाळीसही संगणकांचा पासवर्ड बहुधा एकच ठेवलेला असतो.

कप्पा तरी किती सुरक्षित? कूटबद्धता संरक्षण देते ते चोरीला गेलेल्या हार्ड डिस्कला. शिक्षक लॉगिन करून बसला असताना त्याच्याच नावाने चालणारा एखादा प्रोग्रॅम कप्पा उघडायला सांगू लागला, तर विंडोज या प्रकारच्या नोंदी त्याला मुकाट्याने उघडून देते. मागणारा मालक आहे की मालकाच्या वेषातला चोर, हे तिला कळत नाही.

ही केवळ शंका नाही. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून नॉटपेट्या नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम सुटला. काही तासांत तो माएर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात पसरला आणि आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या, त्याच समूहाच्या टर्मिनलवरचे काम अडले. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर असल्याचे सांगितले. हा प्रोग्रॅम एका संगणकावरून दुसऱ्यावर उडी मारायचा तो कशाच्या जोरावर? विंडोजमधल्या काही त्रुटी तो वापरत होताच. पण संगणकाच्या स्मृतीतले पासवर्डही तो उचलत होता, आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये टीईआरएमएसआरव्हीने सुरू होणाऱ्या नोंदी शोधत होता. म्हणजे रिमोट डेस्कटॉपसाठी कुणीतरी सोयीने साठवलेले पासवर्ड. त्रुटी दुरुस्त केलेले संगणकही त्यामुळे सापडले. खरी किल्ली लावणाऱ्याला कुलूप अडवत नाही.

खुद्द मायक्रोसॉफ्टही एकदा या मोहात पडली होती. संस्थेतल्या सगळ्या संगणकांवर एकाच वेळी पासवर्ड पोचवण्याची सोय तिने दिली. तो कूटबद्ध असे खरा, पण उलगडण्याची किल्ली जगभर एकच होती आणि ती कंपनीच्याच माहितीपत्रकात छापलेली! मे २०१४ मध्ये ही सोय काढून घ्यावी लागली.

मग करावे काय? स्वयंचलन वाईट नाही. चाळीस ठिकाणी एकच पासवर्ड नेऊन ठेवणारे स्वयंचलन वाईट, असे आमचे मत आहे. संगणक एकाच डोमेनमध्ये जोडलेले असतील, तर लॅप्स ही पद्धत याच्या नेमकी उलट करते. प्रत्येक संगणक आपल्या व्यवस्थापक खात्याचा वेगळा, कसाही जुळवलेला पासवर्ड स्वतःच ठरवतो, तो मध्यवर्ती नोंदवहीत ठेवतो आणि, दुसरे काही सांगितले नसेल तर, दर ३० दिवसांनी बदलतो. एप्रिल २०२३ पासून ही सोय विंडोजमध्येच आलेली आहे. एक संगणक फुटला तरी बाकीचे एकोणचाळीस शाबूत राहतात.

शाळांच्या संगणकांना डोमेन क्वचितच असते. तिथे प्रत्येक संगणकाला निराळा पासवर्ड द्यावा आणि ते सगळे एखाद्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवावेत. बॅच फाइल वापरायचीच तर सीएमडीकीमध्ये पासवर्डची जागा रिकामी सोडावी. मग आज्ञा तो चालवतानाच विचारून घेते आणि फाइलमध्ये काही उरत नाही. काम संपल्यावर त्याच आज्ञेने नोंद पुसता येते, तीही ओळ फाइलच्या शेवटी घालावी. दूरचा संगणक थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये, व्हीपीएनमधूनच जोडावा.

आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या जवळची आहे. बदली झाली की पदभार देताना कपाटांच्या किल्ल्या मोजून घेतात, सही होते. साठवलेले पासवर्ड त्या यादीत कधी येत नाहीत. जाणाऱ्याने आपल्या संगणकावर सीएमडीकीला यादी मागावी, ती नावे दाखवते, पासवर्ड दाखवत नाही. त्यातल्या टीईआरएमएसआरव्हीच्या नोंदी एकेक करून पुसाव्यात, आणि येणाऱ्याने त्या संगणकांचे पासवर्ड त्याच दिवशी बदलून घ्यावेत.