शाफ्ट स्थिर असताना

वाफेच्या टर्बाईनचा रोटर मिनिटाला ३००० फेरे घेत असतो, तेव्हा त्याचा शाफ्ट आणि बेअरिंगमधील पांढऱ्या धातूचे अस्तर यांच्या दरम्यान तेलाचा एक पातळ पापुद्रा तेवढा असतो, आणि कित्येक टनांचा तो सारा भार त्या पापुद्र्यावर तोललेला असतो. शाफ्ट या तेलात किती कंप पावतो आणि कोणत्या अंगाला सरकतो, यावर यंत्राची सुरक्षितता अवलंबून असते; परंतु तेल आणि अवजड पेडेस्टल मिळून त्या कंपाचा पुष्कळसा अंश जिरवून टाकत असल्यामुळे बाहेरून आवरणावर उपकरण टेकवून त्याचा पुरता अंदाज येत नाही. पूर्वी स्प्रिंगने दाबलेला एक दांडा थेट शाफ्टवर टेकवण्याची रीत होती. पण त्याचे टोक घर्षणाने झिजे, प्रसंगी उसळे, आणि मग कंप शाफ्टचा की दांड्याचा, हे ठरवणे मुश्कील होई.

ही अडचण ज्या तत्त्वाने दूर केली, ते आवर्त प्रवाहांचे, म्हणजे एडी करंटचे तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यांनी १८५५ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले होते. या तत्त्वावर चालणाऱ्या, शाफ्टला न शिवता अंतर मोजणाऱ्या प्रोबच्या टोकात तारेचे एक लहानसे वेटोळे असते. त्यातून उच्च वारंवारतेचा प्रवाह खेळू लागला, की समोरच्या पोलादाच्या अगदी वरच्या थरात आवर्त प्रवाह उठतात आणि ते वेटोळ्यातील ऊर्जा ओढून घेतात. अंतर जितके कमी, तितका हा ऱ्हास अधिक, आणि तितका बाहेर येणारा व्होल्टेजचा आकडा कमी. मधल्या तेलाची त्याला बाधा होत नाही. अमेरिकेत डॉन बेंटली यांनी हे साधन कारखान्यात टिकेल असे बनवले आणि १९६१ मध्ये नेवाडातील मिंडेन येथे आपला उद्योग हलवला. १९७६ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने एपीआय ६७० हे मानक जारी केले, तेव्हा त्याला नियमाचे अधिष्ठान लाभले. प्रचलित प्रोबच्या बाबतीत प्रमाण मुक्रर आहे : अंतरात १ मिलिमीटरचा फरक पडला, की व्होल्टेजमध्ये ७.८७ व्होल्टचा.

विदर्भातील एका औष्णिक विद्युत केंद्रात २१० मेगावॅटच्या संचाचे ओव्हरहॉल आटोपत आले असताना हे प्रोब बसवण्याचे काम मला अगदी शेजारी बसून पाहता आले. निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले एक फिटर बेअरिंगपाशी ओणवे झाले होते, आणि इन्स्ट्रुमेंटेशन विभागातील तरुण अभियंता मल्टिमीटरवर नजर ठेवून आकडे सांगत होती. प्रोब आत जाईल तसा आकडा उतरत होता; तो दहा व्होल्टवर आणायचा होता. केबलला पीळ पडू नये म्हणून फिटर तिलाही दर वळणाबरोबर मोकळी फिरू देत होते. "बस काका, दहा आले," ती म्हणाली. त्यांनी लॉकनट आवळला, तोच आकडा १०.३ वर गेला. एका पूर्ण फेऱ्याला १ मिलिमीटर सरकणाऱ्या आट्यांवर ०.३ व्होल्ट म्हणजे जेमतेम चौदा अंशांचे वळण. "आवळताना ओढला जातो तो, मॅडम, तेवढं आधीच धरावं लागतं," असे म्हणून त्यांनी नट पुन्हा सैल केला, प्रोब किंचित आत घेतला, आणि या खेपेस नट आवळून होताच आकडा नेमका दहावर स्थिरावला. एकाच बेअरिंगवर परस्परांशी काटकोन करणारे असे दोन प्रोब असतात, म्हणून शाफ्टच्या मध्याचा संपूर्ण भ्रमणमार्ग आखता येतो.

या कामातील बारकावे वरकरणी क्षुल्लक वाटतात, आणि म्हणूनच ते जपावे लागतात. प्रोबची केबल आणि जोडकेबल यांची मिळून लांबी ठरलेली असते, आणि प्रॉक्सिमिटर, म्हणजे वेटोळ्याला प्रवाह पुरवून व्होल्टेज बाहेर देणारे उपकरण, तिच्याशी जुळवलेले असते. ५ मीटरच्या संचातील केबल लांब होते म्हणून कुणी कापली, तर तिच्यासोबत मोजमापाचे प्रमाणही बिघडते, तेव्हा उरलेली केबल गुंडाळूनच ठेवायची असते. जोडणीचा उघडा धातू लोखंडाला टेकला, तर खोटे संकेत शिरतात. शाफ्टच्या ज्या पट्ट्याकडे प्रोब पाहतो, तेथे ओरखडा किंवा उरलेले चुंबकत्व असेल, तर कंप नसतानाही कंपाचा आकडा दिसतो; म्हणून रोटर अगदी संथ फिरत असतानाच हा दोष मोजून त्याची नोंद दफ्तरी ठेवतात.

अक्षाच्या दिशेने होणाऱ्या सरकण्यावर पहारा ठेवणारे प्रोब तर याहून जोखमीचे. रोटर थ्रस्ट बेअरिंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढकलून त्याची मोकळीक डायल गेजवर मोजतात आणि व्होल्टेजशी ताडून पाहतात. मोकळीक ०.३ मिलिमीटर असेल, तर व्होल्टेजही सुमारे २.३६ ने बदलले पाहिजे. तसे न झाल्यास त्यावर आधारलेली ट्रिपची, म्हणजे संच आपोआप बंद करण्याची मर्यादा विश्वासास पात्र राहत नाही, आणि येथे चूक झाली, तर फिरती पाती स्थिर भागांना घासू शकतात.

ओव्हरहॉलच्या वेळापत्रकात हे काम अखेरीस येते, आणि आधीच्या प्रत्येक कामाने लांबवलेली मुदत याच कामाच्या वाट्यातून कापली जाते, ही गोष्ट मला अनुचित वाटते. अर्ध्या दिवसाच्या घाईने बसवलेला प्रोब पुढे विनाकारण संच बंद पाडतो; असे दोनदा घडले, की कंट्रोल रूममधील माणसाचा त्या आकड्यावरचा भरवसा उडतो, आणि मग खरा इशाराही खोटाच ठरवला जाण्याची भीती निर्माण होते. शाफ्ट फिरू लागल्यावर प्रोबला हात लावता येत नाही. त्याच्या सचोटीची जी काही तजवीज करायची, ती शाफ्ट स्थिर असतानाच करावी लागते, आणि त्यासाठी लागणारा वेळ वेळापत्रक आखणाऱ्यांनी आरंभीच राखून ठेवला पाहिजे.