जबानी एकीची, ग्रंथ दुसरीचा

ग्वाटेमालातील लष्करी दडपशाहीतून निसटलेली रिगोबेर्ता मेंचू ही किचे माया जमातीची तेवीस वर्षांची तरुणी 1982 च्या जानेवारीत पॅरिस येथे मानववंशशास्त्रज्ञ एलिझाबेथ बुर्गोस यांच्यापुढे, मातृभाषा नसलेल्या स्पॅनिशमध्ये, सुमारे आठवडाभर आपली हकीकत सांगत होती. ध्वनिफिती कागदावर उतरविताना बुर्गोस यांनी आपले प्रश्न गाळले, मजकुराची फेरमांडणी केली, आणि 1983 साली जो ग्रंथ प्रसिद्ध झाला त्यात ‘मी’ मेंचूचा असला तरी लेखिका म्हणून नाव लागले ते बुर्गोस यांचे.

मेंचूला 1992 मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक लाभले. पुढे 1999 साली डेव्हिड स्टोल या अमेरिकन संशोधकाने गावकऱ्यांच्या जबान्या आणि जुने दस्तऐवज पडताळून असे दाखविले की, भावाला जिवंत जाळल्याचा जो प्रसंग तिने डोळ्यांदेखत घडल्याप्रमाणे वर्णिला, तो तसा घडला नव्हता, आणि स्वतःस निरक्षर म्हणविणारी ही मुलगी जोगिणींच्या शाळेत शिकली होती. इतरांचे अनुभव आपल्या कथनात मिसळल्याचे मेंचूने मान्य केले. नोबेल समितीने पारितोषिक कायम ठेवले. त्याच वर्षी ग्वाटेमालाच्या सत्यशोधन आयोगाने तेथील यादवीत दोन लक्षांहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाल्याचे आणि ओळख पटलेल्या बळींपैकी 83 टक्के माया असल्याचे नमूद केले.

स्टोल यांची तहकिकात मला गैर वाटत नाही. जे सत्य म्हणून छापले, त्याची छाननी व्हावयाचीच. परंतु साऱ्या समाजाच्या वतीने बोललेल्या शब्दांना एका व्यक्तीच्या चरित्राचा घाट संपादिकेने दिला असताना आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली ती मुख्यतः सांगणारीच. शिवाय आपल्या समाजाची काही गुपिते आपण सांगणार नाही, असे मेंचूने त्याच ग्रंथात बजावले होते. त्या मौनाच्या हक्काची चर्चा काही साहित्याभ्यासकांनी केलीही. कॅनडातील मूलनिवासींनी 1998 मध्ये आपल्याविषयीच्या माहितीवर मालकी, नियंत्रण, प्रवेश आणि ताबा हे चार हक्क मांडले, ते अशाच अनुभवांतून.

नंदुरबार-गडचिरोलीच्या पाड्यांवर ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन जाणाऱ्या आपल्या संशोधकांनी निदान एवढे करावे: स्वतःचे प्रश्न छापावेत, मसुदा सांगणाराला त्याच्या बोलीत वाचून दाखवावा, आणि त्याने वगळा म्हटलेले विनातक्रार वगळावे.