मध्यरात्रीची घंटा

घरचा कर्ता माणूस अचानक आजारी पडला, की हातावर पोट असलेल्या घराची काय दशा होते, हे आपण पाहतोच. मजुरी बुडते, औषधपाण्याचा खर्च वाढतो, असेल-नसेल ते किडुकमिडुक गहाण पडते. आजार महिन्याभरात बरा होतो, कर्ज मात्र वर्षानुवर्षे फिटत नाही.

अशा वेळी मदत कशी असावी? याचा एक धडा दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाने घालून दिला आहे. तोही दूर तमिळ मुलखात, तंजावरला!

दुसरे सरफोजी राजे १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. रामेश्वरच्या वाटेवर भोसल्यांनी यात्रेकरूंसाठी छत्रे उभारली होती. ती बंद पडू नयेत म्हणून राजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहिले. त्यात छत्रांच्या कामाची हकीकत आहे.

तिथे सर्व जातींच्या वाटसरूंना शिजवलेले अन्न मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कुणी जेवायचे राहिले असल्यास बोलावून घेत. आजारी माणसाला वैद्य आणि औषध मिळे. वाटेत बाळंत झालेल्या बाईला तीन महिने राहू देत. प्रवासात आईबाप गमावलेल्या मुलांना शिकवून त्यांच्या लग्नाचा खर्चही करीत. म्हणजे मदत एका जेवणावर थांबत नसे. मूल स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत चाले.

तंजावरजवळच्या ओरत्तनाडू येथील छत्र मुक्तांबाळ हिच्या नावाने आहे. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळाने याच भागातल्या नारळाच्या बागा झोपवल्या. भुकेल्यांना त्या दिवशी अन्न हवेच होते. पण नारळाचे नवे रोप फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर त्या घराने काय करावे? खरी परीक्षा तिथे असते.

म्हणूनच मदतीची तजवीज संकट येण्याआधी आणि घराजवळ असावी लागते. महाराष्ट्रात ‘उमेद’ अभियानात बचतगटांच्या ग्रामसंघाकडे ‘जोखीम प्रवणता निधी’ असतो. आजारपण किंवा अन्नधान्याची टंचाई आली, की गावातल्याच बायका बसून कुणाला किती द्यायचे ते ठरवतात. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे त्यांना कुणी सांगावे लागत नाही. वेळेवर मिळालेली थोडी रक्कमही शेळी विकण्याची, सावकाराच्या दारी जाण्याची पाळी टाळू शकते.

आपल्या घरी काम करणाऱ्या बाई चार दिवस आल्या नाहीत, तर आपण काय करतो? पगार कापतो, की चौकशी करतो? गरजू माणूस संकोचाने हात पसरत नाही. तंजावरची ती घंटा त्याच्यासाठीच वाजत होती. त्याने मागायच्या आधी आपण त्याला हाक मारायची, एवढेच तर ती सांगत होती!