फोटोचा धंदा आणि डिजिटल कॅमेरा

जालना, अंबड, भोकरदन, परतूर या गांवांच्या बाजारपेठांत फोटोचे स्टुडिओ होते व कांहीं आजहि आहेत. पण त्यांच्या आंतली डार्करूम, म्हणजे अंधारखोली, जवळजवळ नाहींशी झाली आहे. ती कां गेली व तिच्याबरोबर काय गेलें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

जुन्या पद्धतींत फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असे. प्रकाश पडे तेथें क्षारांत सूक्ष्म फेरफार होई, आणि औषधांत धुतल्यावर तेथें काळी चांदी उमटे. उजेडाच्या जागीं काळें, अशी ही उलटी प्रतिमा म्हणजे निगेटिव्ह. तिच्यावरून कागदावर सुलटें चित्र उतरवावयाचें. एका रोलांत चित्रें ३६. हात चुकला कीं पैसा गेला. म्हणूनच त्या हाताला किंमत होती. निगेटिव्ह ही तर दुकानदाराची ठेवच. घरचें वडील माणूस वारलें कीं मंडळी दुकानीं येत, आणि तो पेटींतून निगेटिव्ह शोधून भिंतीवर लावावयाची तसबीर करून देई.

डिजिटल कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं विजेवर चालणारी एक चकती असते. तिच्यावरील लक्षावधि बिंदु प्रकाशाचें विजेंत रूपांतर करतात व यंत्र त्याचे आंकडे मांडतें. असा पहिला कॅमेरा १९७५ सालीं स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें कोडॅक कंपनींतच बनविला. आणि फिल्मवर जगणाऱ्या त्याच कंपनीला जानेवारी २०१२ मध्यें दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला! आपल्याकडील उटकमंडचा सरकारी फिल्म-कारखानाहि बंद पडला.

चित्राचे आंकडे झाले म्हणजे त्याची नक्कल फुकट होते. गिऱ्हाईक मूळ चित्रच घेऊन जातें; त्यानें पुन्हां दुकानीं येण्याचें कारण उरत नाहीं. ओळखपत्राच्या फोटोंचेंहि तेंच. सप्टेंबर २०१० मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं 'आधार'चा आरंभ झाला. या नोंदणींत नोंदणी करणाराच संगणकाच्या कॅमेऱ्यानें चेहरा टिपतो. पुढें मोबाइल तर प्रत्येकाच्या खिशांत आला.

उरलें लग्न. तेथें फोटोवाला अद्याप लागतो. ड्रोन लागतें, जाडजूड अल्बमहि लागतो. पण यंत्रें महाग, दोन-चार वर्षांत जुनीं होणारीं, आणि मुहूर्त मोजके. त्यांतून आपला मुलूख कोरडवाहू. पाऊस रुसला कीं लग्नाचा खर्च आखडतो, व त्यांत फोटोचा आंकडा आधीं कापला जातो.

मला अधिक काळजी वाटते ती बंद झालेल्या दुकानांतील पेट्यांची. गांवच्या दोन-तीन पिढ्यांचे चेहरे त्यांत आहेत, आणि दमटपणानें त्यांवर बुरशी चढते. ज्यांच्याकडे अशा पेट्या असतील त्यांनीं निगेटिव्ह कडेनें धरावी, कोरड्या जागीं कागदी पाकिटांत ठेवावी, आणि ती आंत घालण्यापूर्वींच पाकिटावर पेन्सिलीनें नांव, गांव व साल लिहावें. स्कॅनरवर तिची प्रत करून घ्यावी. मूळ मात्र टाकूं नये.